आई नसलेली पुस्तकं

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

फेकलं! सरळ चुलीच्या दिशेने. कालिनाने बिस्त्रासाठी आणलेलं पहिलंच पुस्तक. कोंबडी आणि तिची सात पिल्लं. चौथ्या पानावर एक पिल्लू हरवतं आणि "आई, आई" करत फिरतं. तिथे मी उठून लाकडं आणायला बाहेर पडलो. परत येतो तर पुस्तक जमिनीवर, आणि आमची पाच वर्षांची पोर हाताची घडी घालून बसलेली.

"यात आई आहे," म्हणाली. "मला आई नसलेलं पुस्तक पाहिजे."

मला वाटलं, आता कालिना रडणार. लग्न करून या घरात येऊन तिला जेमतेम सहा आठवडे झालेत. पण नाही. पुस्तक उचललं, राख फुंकली, म्हणाली, "बरं. शोधते."

बिस्त्राची आई, देसा, जाऊन या डिसेंबरात दोन वर्षं होतील.

१५ ऑक्टोबर, शनिवार

स्टेशनवरची तिकीट खिडकी बंद केल्यावर कालिना थेट वाचनालयात. दोन तासांनी आली ती डोक्याला हात लावून.

"रादो, जगात आई नसलेली पुस्तकंच नाहीत! अस्वलाला आई. बेडकाला आई. अरे, एका ढगालासुद्धा आई आहे, आता काय म्हणायचं!" वाचनालयातल्या गेनोवाबाई साठी उलटलेल्या, त्यासुद्धा स्टुलावर चढून शोधत होत्या म्हणे.

मी सुचवलं, आई आली की ते वाक्य गाळायचं. नाहीतर 'मावशी' वाचायचं. पोरीला कुठे अक्षरं येतात?

"खोटं वाचून दाखवू? एकदा पकडलं ना तिने, तर पुन्हा माझं काही ऐकायची नाही."

मला हे सुचलं नसतं. देसाला सुचलं असतं.

१९ ऑक्टोबर

मिळालं! अळंब्यांचं पुस्तक — मोठ्यांचं, मुंगीएवढ्या अक्षरांचं. चित्रं मात्र झकास. दोघी पालथ्या पडून.

"ही खाल्ली तर माणूस मरतो?"
"मरतो."
"लगेच?"
"नाही. दोन-तीन दिवस जातात."
"आणि ही?"
"हिने नुसतं पोट बिघडतं."

ही नुसती पोट बिघडवणारी निघाली म्हणून बिस्त्रा हिरमुसली! माझी आई घेवड्याचं सूप घेऊन आली होती, ती दारातच थबकली. "पोरीला विषं शिकवतेस? पऱ्यांची पुस्तकं संपली का गं गावातली?"

"परीलाही आई असते हो, आई. बघून आले."

मला हसूच फुटलं. बिस्त्राने मान वर करून माझ्या तोंडाकडे बघितलं, बराच वेळ. मग पुन्हा अळंब्या.

२७ ऑक्टोबर

आज क्रेनयंत्रांचं पुस्तक. सव्वीस पानं. दोनदा!

४ नोव्हेंबर, शुक्रवार

कालिनाची आजची कमाल लिहून ठेवलीच पाहिजे. रेल्वेचं गेल्या वर्षीचं वेळापत्रक उचलून आणलं — स्टेशनवर रद्दीत पडलं होतं. "यात एकही आई नाही, मी खात्री केलीय," असं बिस्त्राला सांगून वाचायला बसली. गोर्ना ओऱ्याहोवित्सा. द्र्यानोवो. त्र्यावना — "आपलं गाव!" बिस्त्रा ओरडली. प्लाचकोवत्सी. क्रस्तेत्स.

कालिना वेगवेगळे आवाज काढून वाचत नाही, नाटकं करत नाही. ओळीखालून बोट फिरवते आणि पोर थांबवेल तिथे थांबते. एकाच गाडीवर पंधरा मिनिटं! ही कुठे जाते, तिथे कोण उतरतं, त्याच्या पिशवीत काय आहे. पिशवीत चीज भरलेली खुसखुशीत बनित्सा. बनित्सा कुणासाठी? कुत्र्यासाठी. मध्येच बिस्त्राने डोकं कालिनाच्या दंडावर टेकलं — सहज, उशीवर टेकावं तसं. कालिनाने दंड हलवला नाही, की तिच्याकडे बघितलं नाही. फक्त पुढचं स्टेशन वाचलं.

मी घरामागच्या लाकूडकामाच्या कारखान्यातून पाणी प्यायला आलो होतो. हातात पटाशी तशीच, दारात उभा. एका चौकटीवर नक्षी कोरायला मला तीन आठवडे लागतात आणि लोक त्याला धीर म्हणतात. धीर हा!

१२ नोव्हेंबर, शनिवार

कालिनाने सांगितलं, ते तसंच लिहितो. वाचनालयात बिस्त्राने आज स्वतः पुस्तक काढलं. मुखपृष्ठावर साळिंदर. गेनोवाबाई कालिनाच्या कानाशी लागल्या, "यात आहे हं. शेवटी शेवटी." कालिनाने सरळ पोरीला विचारलं, "बिस्त्रा, यात आई आहे. न्यायचं?"

पोर विचारात पडली. मग म्हणाली, "घरी नको, मावशी. इथेच वाच."

तिथेच खिडकीखालच्या बाकावर वाचलं. पूर्ण! साळिंदराची आई आली, पिल्लाला जवळ घेतलं. बिस्त्राने पान उलटून पुन्हा मागचं बघितलं. "टोचत नसेल?" एवढंच विचारलं.

महिन्याभरात! मी कालिनाचे दोन्ही हात धरले. ती म्हणाली, "मी काही केलं नाही रे. तीच ठरवते." आणखी काही सांगायचं होतं बहुतेक. माझ्याकडे बघत राहिली, मग बटाटे सोलायला गेली.

१९ नोव्हेंबर

आजही तसंच. आयांची पुस्तकं वाचनालयात, अळंब्या आणि गाड्या घरी. हे घर देसाचं, म्हणून इथे दुसरी आई नको — असं असेल. लहान जीव, पण किती जपते आईची जागा!

२६ नोव्हेंबर, शनिवार

कालिनाला ताप. म्हणून आज वाचनालयात मी. बाकावर बसलो, हाताला लागलं ते पुस्तक उघडलं — सशीण आणि तिचं पोर. बिस्त्राने पानावर तळहात ठेवला.

"हे नको, बाबा. यात आई आहे. आई आली की तू उठून बाहेर जातोस. मग येतोस तेव्हा तुझे डोळे लाल असतात." मग माझी समजूत घालत म्हणाली, "मला चालते रे आई. तुलाच चालत नाही, म्हणून घरी नको म्हटलं मी."

तिचा हात बाजूला केला. वाचलं. जागेवरून उठलो नाही.