अंग साडेछत्तीसच्या वर हवे

भंडारा, ११ डिसेंबर २०२४

ती. बाबांना सविनय जयभीम.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मी मोठ्याने बोलले की वॉर्डातली सगळी बाळं एका सुरात रडतात. म्हणून वच्छला सिस्टरने माझ्या फोनवर बंदी घातली आहे. आता भुपेंद्रभाऊच्या दुधाच्या गाडीने चिठ्ठ्याच चालतील.

तुमची नात काल काचेच्या पेटीतून बाहेर आली. वजन दीड किलोला थोडे कमी आहे. दीड महिना आधी आलेल्या बाळाला स्वतःची ऊब धरता येत नाही, म्हणून टोपी-लंगोट घालून तिला उघड्या छातीवर दुपट्ट्याने बांधून ठेवायचे. तिथेच ती झोपते आणि झोपेत वाढते. थर्मामीटरवर अंग साडेछत्तीस अंशांच्या वर हवे. खाली गेले की नुसती सुस्त पडून राहते, दूध घेत नाही आणि वजन घटते. सलग तीन दिवस अंग गरम राहिले आणि वजन वाढले तर घरी सोडतील.

अतुलची सुट्टी संपली, तुमचे जावई पुण्याला कामावर परतले. मी दमले की आई तिला घेते. पण आई येणाऱ्या-जाणाऱ्याला दुपट्टा उघडून नातीचे तोंड दाखवते, त्यामुळे तासाभरात पोर गार होते.

शेगडी पाठवू नका. बाबा, खरंच पाठवू नका.

तुमची,
तृप्ती

बपेरा, १२ डिसेंबर

चि. तृप्तीस जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

शेगडी पाठवत नाही, कारण भुपेंद्र ती गाडीत घ्यायला तयार नाही. पण तीस वर्षे मी तुमसरच्या राइस मिलमध्ये धान उकडले. किती तापले ते तळहाताने सांगायचो. मला ऊब शिकवणारी तुझी सिस्टर कोण? कोंड्याची पुरचुंडी पाठवत आहे. तव्यावर गरम करून पोरीच्या पायाशी ठेवायची, तुझ्या आईला वेगळे लिहिले आहे. सोबत चार पदरी गोधडी आहे.

दुसरे असे की दर दोन तासांनी तिला दुधासाठी उठवता म्हणे. हे मला पटले नाही. झोपलेल्याला कधी उठवू नये. तुझी आई मला पस्तीस वर्षे उठवते आहे, माझे काय भले झाले?

मी येत नाही. खळ्यावर धान चुरणे चालू आहे, मळणी अर्धी राहिली आहे, आणि बायकांच्या वॉर्डात माझे काय काम? एवढे लहान लेकरू मी कधी हातात घेतलेले नाही. भीती वाटते.

तुझा बाप,
मंगरू

भंडारा, १४ डिसेंबर

ती. बाबांना जयभीम, पण रागाने.

आईने तुमची आज्ञा पाळली. दवाखान्यासमोरच्या चहावाल्याच्या तव्यावर कोंडा तापवला, पुरचुंडी पायाशी लावली आणि वरून गोधडी टाकली. बाळाचे अंग अडतीसच्या वर गेले. जंतुसंसर्ग समजून डॉक्टर धावले, एवढ्याशा टाचेतून रक्त काढले. मग वच्छला सिस्टरने गोधडी उचलली. त्या आईला काय बोलल्या ते मी लिहीत नाही. आईने सगळा दोष तुमच्यावर ढकलला, एवढे कळवते.

आता खरी अडचण ऐका. काल रात्रीपासून मला ताप आहे. मला वरच्या मजल्यावर हलवले, बाळाजवळ जाऊ देत नाहीत. आईला खोकला, तीही बाद. माझे दूध वाटीतून खाली जाते, पण छाती कुणाची नाही. पोरीचे तीस ग्रॅम वजन उतरले, बाबा. मी इथे पडून नुसती रडते आहे. सिस्टरने विचारले की घरात कुणी धडधाकट, स्वस्थ बसणारे माणूस आहे का. आई लगेच म्हणाली, की आमचा बुढा रिकामाच बसून रायते, त्यालेच बलवा.

धान शेजारचा सूरज चुरेल. तुम्ही या.

तृप्ती

खालचा मजला, १६ डिसेंबर

चि. तृप्तीस जयभीम.

ही चिठ्ठी तुझी आई जिन्यापर्यंत आणते, पुढे आया नेते.

काल तुझ्या आईने मला साबणाने इतके घासले, जितके लग्नाच्या हळदीनंतर कुणी घासले नव्हते. मग सहा बाळंतिणींसमोर सदरा काढायला लावला. मी डोळे मिटून घेतले. सिस्टरने पोरीला छातीवर ठेवून दुपट्टा आवळला. माझ्याकडे आली तेव्हा तिचे अंग छत्तीसवर दोन होते. नाकावर माशी बसली तरी मी हललो नाही. तासाने छत्तीसवर आठ. सिस्टर म्हणते, माझ्या घोरण्याने बाकीची बाळं उठतात, ही मात्र गाढ झोपते. आणि दर दोन तासांनी तिला दुधासाठी मीच उठवतो. हे तुझ्या आईला सांगू नकोस.

एक गोष्ट लिहितो, तोंडाने जमणार नाही. तू झालीस तेव्हा माझा बाप अंगणात बसलेला असायचा. वडिलांसमोर आपले लेकरू उचलणे निर्लज्जपणाचे मानत. मी कामावर जायचो, उकडलेल्या धानात हात घालायचो आणि वाटायचे, माझी पोर एवढीच गरम असेल. तुला मी कधीच घेतले नाही, तृप्ती. फार चुकलो.

मंगरू

वरचा मजला, १८ डिसेंबर

ती. बाबांना जयभीम.

ताप उतरला. पोरीचे पन्नास ग्रॅम वाढले, तीन दिवसही भरले. उद्या सगळे बपेऱ्याला जाऊ.

मघाशी सिस्टरने मला खाली यायला परवानगी दिली. मी तिला घ्यायला आले होते. तुम्ही दोघे झोपला होतात, तुमचा हात तिच्या पाठीवर होता. त्यावर मी माझा हात ठेवून पाहिला. छान गरम होता. आई तुम्हाला हलवायला निघाली, मी तिला थांबवले. झोपलेल्याला उठवू नये, असे तुम्हीच लिहिले होते. मी थोडा वेळ तशीच उभी राहिले आणि वर निघून आले.

माया अशीच राहो, घोरणे जरा कमी व्हावे.

तुमची,
तृप्ती