खाडीकडच्या गावाची खरी मोजणी

३ जानेवारी १९९१, गुरुवार
संपादक दिनानाथराव म्हणाले, पुढच्या महिन्यात सरकारी जनगणना आहे. त्याआधी एका खेड्याची माणसं, वयं, उत्पन्न यांवर लेख द्या. जमला तर साप्ताहिकात कायम करू. इतकी वर्षं 'आमच्या पनवेलच्या वार्ताहराकडून' एवढंच छापून येतं. आता नाव येईल.
गाव ठरवलं. खाडीकडचं आहे. नाव इथेही लिहीत नाही. माझी बायको रमा ही वही चोरून वाचते असा संशय आहे. मागच्या पानावर हळदीचं बोट उमटलंय.

६ जानेवारी, रविवार
धोतर, काळी टोपी घालून गेलो. धाक वाटावा म्हणून.
पहिलंच घर काशीरामचं. उत्पन्न विचारलं. म्हणाला, "काय हाय आमच्याकडं? खारं पानी न् चिखल." मागे गोधडीखालून दोन चाकं डोकावत होती. जिथे धूर तिथे अग्नी, हे आम्ही तर्कशास्त्रात शिकलो आहोत. सरकारने घेतलेल्या जमिनीचे पैसे मिळालेलं गाव, आणि एका सुरात गरीब. चहासुद्धा नाही.
शेवटचा प्रश्न: घरात लग्नाची मुलं किती? लगेच त्याची बायको भामा बाहेर आली. आधी टोपीकडे बघितलं, मग धोतराकडे. पाणी दिलं, गुळासकट. या बाईवर लक्ष ठेवलं पाहिजे.

१३ जानेवारी, रविवार
गावाने कबुलीजबाब दिला. माझ्या नजरेचा धसका घेतलाय.
आज खुर्ची, पोहे, सरबत. काशीरामचं उत्पन्न आठवड्यात चौपट. भात, मीठ, मासळी, सगळं आपणहून सांगितलं. "आन् आमचा निकेश बारावी हाय. तंबाखूला शिवत नाय. लिवा." लिहिलं. प्रत्येक घरात हेच. निष्कर्ष: तरुण पिढी पूर्ण निर्व्यसनी. संशयास्पद आहे, पण आकडा तो आकडा.
तीन घरांपुढे मोटारसायकल दिसली. तिन्हींचा डावा आरसा फुटका. विक्रेत्याने अख्ख्या गावाला खराब माल खपवलाय. वेगळी बातमी होईल.
सातच घरं केली. स्थालीपुलाकन्याय! शितावरून भाताची परीक्षा. उरलेलं गाव गुणाकाराने.
निघताना भामाने हळूच विचारलं, कुनी पाठवलंय तुमाला, मोऱ्याच्यांनी का चिरनेरच्यांनी? म्हणजे त्या दोन गावांतली साप्ताहिकंही मागावर आहेत. मी म्हटलं, वेळ आली की कळेल. ती खूश का झाली?

१५ जानेवारी, मंगळवार
लेख पाठवला. आधी रमाला ऐकवला होता. तिने विचारलं, अहो, लग्नाचे मुलगे एकशे आठ, आणि मुलगी एकही नाही? मी म्हटलं, हे संख्याशास्त्र आहे. ती तोंडाला पदर लावून आत गेली. मत्सर, दुसरं काय.

२० जानेवारी, रविवार
सकाळी दारात मोटारसायकल. डावा आरसा फुटका. काशीराम आणि भामा, हातात नारळ. लेख दडपायला आले असणार. मी ताठ बसलो.
काशीराम म्हणाला, "भटजी, मुलगी कदी दाखवताव?"
मी वार्ताहर आहे, मोजणी करत होतो, असं सांगितलं. काशीरामने पुढे केलेला नारळ मागे घेतला.
"म्हंजी आमी बोललो ते छापनार?"
"होय."
"कमाई पन?"
भामाने नवऱ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. "ते खोडा. आमी गरीब मानसं हाव. गाडी गावात येकच हाय, सगल्यांनी मिलून दारात लावली व्हती."
रमाने त्यांना चहा दिला. तिघं आत हसत होती. कशाला, ते कळलं नाही.

२२ जानेवारी, मंगळवार
लेख परत. पण दिनानाथराव म्हणाले, ज्याला सात घरांनी न विचारता पोरांचे गुण सांगितले, असा लोकांचा विश्वास बसणारा माणूस वाया घालवू नये. तेव्हा, झालो कायम! वधू-वर सदर माझ्याकडे. लोकसंख्येचं मूळच हातात आलं म्हणायचं.
पहिली जाहिरात निकेशची. भामाबाईंनी उत्पन्न दोनदा वाढवून घेतलं. माझ्या नेमणुकीची बातमी मला कळण्याआधीच त्या रमाकडे येऊन बसल्या होत्या, याचाही तपास करायला हवा.
या सदराखाली नाव छापायची पद्धत नाही म्हणतात.