'कचरा' नावाचा फोल्डर आणि इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारी, धंदा चष्म्याचा, वय डॉक्टरांच्या दाखल्यावर आहे ते, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. ते सध्या तापलेले आहे, पण ठिकाणावर आहे. हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने किंवा लाडीगोडीने करीत नाही. लाडीगोडी करायला लोक आले होते, त्यांना चहा देऊन परत पाठवले. यापूर्वीचे मृत्युपत्र मी रद्द करते, कारण ते मी चांगल्या मनःस्थितीत केले होते आणि त्यात सगळ्यांना सगळे देऊन टाकले होते.

मजकूर मी सांगते, वकीलबाई लिहून घेतात. त्यांचे म्हणणे, मृत्युपत्रात राग लिहू नये, फक्त मालमत्ता लिहावी. मी त्यांना सांगितले की रागही माझ्याच कमाईचा आहे, तो कोणाच्या वाट्याला जातो तेही मीच ठरवणार.

कलम १. माणसे

माझे पती जहाजावर इंजिनात काम करीत. ते आता हयात नाहीत. यापुढे त्यांचा उल्लेख 'हे' असा केला आहे. वकीलबाईंना 'मयत पती' असे हवे होते. मी जन्मभर ह्यांना 'हे' म्हणत आले, आता कायद्यासाठी मयत म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आम्हाला मूल नाही. ह्यांच्या धाकट्या भावाचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, शाळेत जायला लागल्यापासून आमच्याकडेच वाढला. तो संगणकाचे प्रोग्राम लिहितो. घरात त्याला 'दीडशहाणा' म्हणतात. पूर्वी लाडाने म्हणत, आता वस्तुस्थिती म्हणून म्हणतात. ह्यांची बहीण, म्हणजे माझी नणंद, दोन गल्ल्या सोडून राहते आणि तिला कोणत्याही विषयात विचारावे लागत नाही, ती आपणहून सांगते. दुकानात माझ्याबरोबर फ्रेमा बसवणारी एक बाई आहे. तिला सगळे फ्रेमवाली म्हणतात.

कलम २. दुकान आणि मागच्या खोल्या

दुकान व त्यामागे मी राहते त्या दोन खोल्या पुतण्याला मिळाव्यात, पण कलम ६ मधल्या अटी पुऱ्या केल्यावरच. तोवर किल्ली वकीलबाईंकडे राहील. त्याने गयावया केली तरी देऊ नये. तो गयावया फार छान करतो.

मागच्या खिडकीची कडी नुसती ओढून लागत नाही, आधी उचलावी मग दाबावी. स्वयंपाकघरातला नळ गळतो. माझ्या हयातीत त्याला कोणीही हात लावायचा नाही. त्याखाली मी बादली ठेवते आणि त्याच पाण्याने फरशी पुसते. शेजारची मास्तरीणबाई यावरून मला चिक्कू समजते. समजो बापडी. नळाचे कारण शेवटच्या कलमात येईल.

कलम ३. हत्यारे आणि शिल्लक

काच घासण्याचे यंत्र, नंबर तपासायच्या काचांची पेटी, बारीक स्क्रूड्रायव्हर आणि दांड्या वाकवायचा चिमटा, हे सगळे फ्रेमवालीचे. सोबत माझा एक नियमही तिने चालवावा. मोडका चष्मा घेऊन येणारे प्रत्येक गिऱ्हाईक सांगते की तो आपोआप मोडला. आपोआप काही मोडत नाही. त्यावर कोणीतरी बसलेले असते. दुरुस्तीला हात लावण्याआधी गिऱ्हाइकाकडून एवढे कबूल करून घ्यावे.

बँकेत जे असेल ते फ्रेमवाली आणि पुतण्या यांनी निम्मे निम्मे घ्यावे. आकडा इथे लिहीत नाही, कारण हे नणंद वाचणार.

कलम ४. मेलबॉक्स

वकीलबाई म्हणतात की मेलबॉक्स ही मालमत्ता होते की नाही यावर अजून वाद चालू आहे. तो वाद मी माझ्यापुरता मिटवते. होते. माझी सगळ्यांत मोठी मालमत्ता तीच होती.

जहाजावरून फोन धड लागत नसे, म्हणून हे मेल लिहीत. पहिल्याच मेलमध्ये इंजिनघरातला उकाडा, स्वयंपाक्याचे खारट हात आणि एका खलाशाचे घोरणे एवढेच होते, आणि खाली लिहिले होते, "लिहिण्यासारखं काही नाही. सगळा कचराच. वाच आणि टाकून दे."

मी वाचले, आणि 'कचरा' नावाचा फोल्डर काढून त्यात ते ठेवून दिले. पुढे उत्तरात लिहिलेही, तुमचा कचरा कचऱ्यात टाकला. ह्यांना ते इतके आवडले की नंतरच्या प्रत्येक मेलच्या शेवटी ह्यांचे तेच 'वाच आणि टाकून दे' येत राहिले. वर्षानुवर्षांचा कचरा असा जमला. माझ्या मेलबॉक्समध्ये 'चष्मे' असा फोल्डर होता, नणंदेच्या मेलचा 'कटकट' असा होता, पण रोज दुकान बंद केल्यावर मी उघडत असे तो 'कचरा'. हे गेल्यावरही उघडत असे. रोज एक वाचायचा, दोन नाही. पुरवून पुरवून खायची सवय मला लहानपणापासून आहे.

छापून का ठेवले नाहीस, असे आता जो तो विचारतो. घरात तिजोरी असताना नोटांचे फोटो काढून कोण ठेवतो?

कलम ५. गुन्हा

वकीलबाईंनी इथे 'घटना' असा शब्द सुचवला. तो मला मान्य नाही.

मेलबॉक्स भरला होता आणि गिऱ्हाइकांचे मेल परत जात होते. मी पुतण्याला सांगितले की जाहिराती तेवढ्या काढून दे. एवढेच सांगितले होते. पण हाताने जाहिराती काढणे त्याच्या शिक्षणाला शोभत नव्हते. तो म्हणाला, यासाठी एक लायब्ररी आहे. मला वाटले पुस्तके आणतो आहे. तर प्रोग्रामवाल्यांची लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले आयते काम. ही लायब्ररी मेलबॉक्समध्ये शिरते, कुठले फोल्डर आहेत ते बघते, मेल इकडून तिकडे हलवते, नावे बदलते, आणि हुकूम दिला तर फोल्डर रिकामाही करते. आलेल्या मेलचा फोल्डर कोणता, पाठवलेल्यांचा कोणता आणि कचऱ्याचा कोणता, हे कळले नाही तर ती नावावरून ओळखते. त्यासाठी तिच्याजवळ निरनिराळ्या भाषांतल्या नावांची यादी असते.

त्या यादीत मराठी नव्हती. दीडशहाण्याचा स्वाभिमान जागा झाला. त्याने मराठी नावे स्वतः घातली, 'आलेले', 'पाठवलेले', 'मसुदे' आणि 'कचरा', आणि आपल्या भाषेला पहिला मान दिला. मग हुकूम सोडला की जाहिराती कचऱ्यात टाक आणि कचरा रिकामा कर. माझ्या मेलबॉक्समधली खरी कचऱ्याची टोपली इंग्रजी नाव लावून शेजारीच बसली होती. तिला कोणी विचारलेही नाही. मातृभाषेचा असा अभिमान देवाने वैऱ्याच्या पुतण्यालाही देऊ नये.

मी त्याच्यासाठी चहा टाकायला आत गेले होते. बाहेरून तो म्हणाला, "काकू, झालं सगळं साफ. कचऱ्यात केवढं साठवून ठेवलं होतंस गं!"

मी विचारले, "कुठल्या कचऱ्यात?"

"कचरा नावाचा फोल्डर होता ना, त्यात. रिकामा केला."

चहा उतू गेला. शेगडी पुसायचीही शुद्ध मला राहिली नाही. इतर फोल्डरमधून काढलेला मेल कचऱ्यात जातो आणि तिथून परत आणता येतो. पण प्रोग्रामला वाटले की तो कचऱ्यातच उभा आहे. कचऱ्यातून काढलेले कुठे जाते? कुठेच नाही.

पुतण्या स्वयंपाकघराच्या दारात आला. तो म्हणाला, "काकू, आपोआप झालं. नाव जुळलं म्हणून."

मी त्याला सांगितले, "आपोआप काही होत नाही. तू त्यावर बसलास."

मेलच्या कंपनीने कळवले की तुमच्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. गैरसोय म्हणजे लिफ्ट बंद पडणे. मी त्यांना तसे लिहिले, त्याला उत्तर आले नाही.

मग नणंद आली. खुर्चीत बसली, पंखा वाढवायला सांगितला आणि म्हणाली, "मेलच तर होते. माणूस गेला तेव्हा एवढी रडली नाहीस."

माणूस गेला तेव्हा वाचायला काहीतरी होते. हे मला त्या वेळी सुचले नाही, म्हणून इथे लिहवून घेते. नणंदेला मी दुकानातला मोठा आरसा देते, ज्यात गिऱ्हाइके नवी फ्रेम लावून स्वतःला बघतात. तिने रोज त्यात बघावे. बाकी काही देत नाही.

कलम ६. अटी

त्यानंतर पुतण्या फिरकला नाही. मीही बोलावले नाही. एका दुपारी तो आला आणि आत न येता गिऱ्हाइकासारखा काउंटरपाशी उभा राहिला. गालफडे बसली होती. त्याने विचारले, "काकू, काकांना उत्तर देताना तू खालचा मजकूर पुसायचीस का?"

मी म्हटले, "खाली मजकूर असतो?"

तो मटकन स्टुलावर बसला. उत्तर लिहिले की समोरच्याचे मूळ पत्र त्याच्या शेपटाला लागून जाते, म्हणे. याच पुतण्याने मला पूर्वी कितीदा बजावले होते की काकू, शेपूट काढून पाठवत जा, अडाण्यासारखं दिसतं. मला ते काढायचे कसे हे कळले नाही आणि विचारायची लाज वाटली. म्हणून पाठवलेल्या मेलच्या फोल्डरमध्ये माझ्या प्रत्येक उत्तराखाली ह्यांचे पत्र लटकलेले आहे, प्रत्येक ओळीच्या तोंडाशी टोकदार खुणा घेऊन. लहानांचे सगळेच ऐकू नये, हे यावरून सिद्ध झाले.

त्याच लायब्ररीने ती सगळी शेपटे गोळा करता येतील, असे तो म्हणतो. करू दे. पण त्याने एवढ्याने राग जाईल असे समजू नये. अटी अशा आहेत.

(अ) प्रोग्राममधल्या नावांच्या यादीतून त्याने 'कचरा' हा शब्द काढावा. एवढ्यावर भागणार नाही. या महाशयांनी आपली यादी लायब्ररी चालवणाऱ्यांकडेही पाठवली होती, आणि त्यांनी ती कौतुकाने घेतली. म्हणजे उद्या दुसऱ्या एखाद्या बाईने आपल्या माणसाची चेष्टा करायला तेच नाव ठेवले, तर तिचेही घर धुऊन निघेल. त्याने कळवले, तर त्यांनी विचारले की असे नाव फोल्डरला ठेवतेच कोण? त्यांना उत्तर द्यावे: आमची काकू ठेवते. आणि शब्द निघेपर्यंत मागे लागावे. मागे लागणे कसे असते ते माझ्याकडून शिकावे.

(आ) त्याच्या प्रोग्रामने काहीही रिकामे करण्याआधी विचारावे. ज्याचे आहे त्या माणसाला विचारावे, आणि तो माणूस आत चहा करीत असेल तर बाहेर येईपर्यंत थांबावे.

(इ) ह्यांची पत्रे गोळा करताना एक अक्षर सुधारू नये. हे 'इंजिन' कधी ऱ्हस्व लिहीत, कधी दीर्घ. तसेच राहू द्यावे.

(ई) फोल्डरचे नाव 'कचरा' हेच राहील. पुतण्याने 'आठवणी' असे सुचवले होते. फोल्डरला 'आठवणी' नाव देणाऱ्या माणसाला मी माझ्या घरात झोपू देणार नाही.

या अटी पुऱ्या झाल्या तर मेलबॉक्सही त्याचाच. रोज एक वाचावा.

कलम ७. एक पत्र

मी ह्यांच्या प्रत्येक मेलला उत्तर दिले, शेवटचा सोडून. तो आला तेव्हा हे दोन दिवसांनी घरी येणारच होते. म्हटले, आता काय लिहायचे, आल्यावर तोंडानेच बोलू. मग जहाजाच्या कंपनीचा फोन आला. इंजिनघरातच छातीत कळ आली होती.

उत्तर नाही, म्हणून त्याचे शेपूटही नाही. ते पत्र आता कुठल्याही संगणकात नाही, कुठल्याही लायब्ररीला सापडणार नाही. फक्त माझ्या डोक्यात आहे, आणि माझे डोके ठिकाणावर आहे हे मी सुरुवातीलाच लिहून दिले आहे. तर वकीलबाई, घ्या:

"परवा उतरतोय. उकाडा आहेच. नळ गळतोय म्हणतेस, तर प्लंबरला बोलावू नकोस, तो वायसर बदलायच्या नावाखाली अख्खा नळ बदलेल. तूही हात लावू नकोस. मी आल्यावर बघतो. बाकी लिहिण्यासारखं काही नाही. सगळा कचराच. वाच आणि टाकून दे."

वकीलबाईंनी लेखणी थांबवून विचारले की हे कोणाच्या नावे करायचे. कोणाच्याच नाही. फक्त लिहा आणि दस्त नोंदवा. त्यावर शिक्का बसेल, एक प्रत सरकारी कपाटात जाईल. आता हे कोणी रिकामे करून दाखवावे.

माझ्या मागे नळ दुरुस्त करायला हरकत नाही. पुतण्याने करावा, स्वतःच्या हाताने. प्लंबरला बोलावू नये.

वरचा मजकूर मला वाचून दाखवला. एका ठिकाणी वकीलबाईंनी 'गुन्हा' खोडून 'घटना' केले होते, ते पुन्हा दुरुस्त करून घेतले. मग सही केली.

(सही) चष्मेवाली

साक्षीदार, दोघांनाही या मृत्युपत्रातून काही मिळत नाही:

(सही) शेजारची निवृत्त मास्तरीण. नळाचे आजच कळले.

(सही) समोरचा शिंपी. चष्मा लावून वाचले.

ठिकाण: दुकानाची मागची खोली, जिथून नळ ऐकू येतो.

दिनांक: नणंदेच्या वाढदिवसाचा, मुद्दाम निवडलेला.