टेकडीसाठी इंजिन

प्रिय भोंग्या,

पाकिटावर तुझं पूर्ण नाव आणि हुद्दा लिहिलाय, पण आत तू भोंग्याच. बाबांच्या टेलरिंगच्या दुकानात तू भोकाड पसरलंस की शेजारच्या माझ्या गॅरेजमध्ये मला इंजिनाचा आवाज ऐकू यायचा नाही, म्हणून हे नाव मीच ठेवलं होतं. आता तू फार हळू बोलतोस. मोठ्या जागेवरची माणसं हळूच बोलतात, समोरच्याने वाकून ऐकावं म्हणून. पत्र कशाला, फोन आहे की, असं म्हणशील. फोनवर तू "काका, जरा मीटिंगमध्ये आहे" म्हणतोस. पत्राला तसं सांगता येत नाही. मी मजेत आहे. टॅक्स्या धुण्यापासून सुरुवात केलेल्या माणसाच्या गॅरेजवर आता पक्कं छप्पर आहे, ऑफिसात पंखा आहे, आणि पंख्याखाली बसायला वेळ नाही. वेल्डर अजून तोच, आपला हत्ती. आणखी जाड झालाय. गाडीखाली गेला की त्याला बाहेर काढायला गाडीच उचलावी लागते.

सांगायचं आहे ते तुझ्या बाबांच्या, आपल्या टेलर मास्तरांच्या गाडीचं. शिलाई मशीनचं पायडल मारून मारून त्यांचा डावा गुडघा गेला, ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी क्लच दाबायला मनाई केली, हे तुला ठाऊक आहे. ऑपरेशनच्या दिवशी तू फुलं पाठवली होतीस. म्हणून त्यांनी ती छोटी ऑटोमॅटिक घेतली. डाव्या पायाला काम नाही, उजव्याने चालवायची आणि उजव्यानेच थांबवायची. गाडी घेतल्यापासून त्यांच्या मनात एकच होतं. टेकडीवरच्या तुझ्या नव्या घरी स्वतः गाडी चालवत जायचं, बेल वाजवायची, तुझ्या हातचा नाहीतर तुझ्या नोकराच्या हातचा चहा प्यायचा आणि परत यायचं. तू दर वेळी "मी येऊन नेतो" म्हणायचास आणि यायचा राहायचास. त्यांनी टॅक्सी करतो म्हटलं तर तू म्हणालास, वर टॅक्सी परतीला मिळत नाही. मी सोडतो म्हटलं तर मास्तर माझ्यावरच उखडले. मुलाच्या घरी दुसऱ्याच्या गाडीतून जायचं, मी काय पार्सल आहे का, म्हणाले. मग त्यांनी तुला सांगितलं की माझी मी गाडी घेऊन येतो. त्यावर तू म्हणालास, "बाबा, तुमची गाडी ती टेकडी चढायची नाही. इंजिन फार लहान आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर गॅरेजच्या दारात. उस्ताद, हिला मोठं इंजिन बसव. मी म्हटलं, मास्तर, ही गाडी ती टेकडी चढेल. रडतखडत चढेल, गिअर खाली टाकून किंचाळत चढेल, पण चढेल. ऐकेनात. म्हणून मी एका दुपारी हत्तीला मागच्या सीटवर बसवलं, डिकीत टायर भरले आणि तुझ्या फाटकापर्यंत जाऊन आलो. बेल वाजवली नाही, गैरसमज नको. आत कोणीतरी छान हसत होतं, बहुतेक तूच. परत येऊन मास्तरांना सांगितलं, हत्तीसकट चढली. तर म्हणतात कसे, तू चालवलीस म्हणून चढली. माझ्या हातात नाही चढणार. तो इंजिनिअरांच्या कंपनीत मोठा साहेब आहे, काहीतरी बघूनच म्हणाला असेल ना? तेव्हा माझ्या लक्षात आलं. गाडी ठीक आहे हे त्यांना नकोच होतं. गाडी ठीक असली, तर मग काय ठीक नाही, हे विचारावं लागलं असतं. त्यापेक्षा इंजिन लहान असलेलं बरं. इंजिन बदलता येतं.

म्हणून मी काम घेतलं. हे काम कसं असतं ते थोडक्यात सांगतो, कारण तुझ्या एका वाक्यामुळे ते झालं. त्याच कंपनीची एक मोठी गाडी मागून ठोकलेली मिळाली, पुढचा भाग शाबूत. तिचं इंजिन घेतलं आणि इंजिनाबरोबर तिचा गिअरबॉक्सही घेतला. नवशिके इथेच चुकतात. इंजिन मोठं घालतात आणि गिअरबॉक्स जुनाच ठेवतात. ऑटोमॅटिकला ते सोसत नाही. छोटा गिअरबॉक्स आतल्या आत घसरतो, तेल जळतं आणि एक दिवस भर चढावर गाडी नुसती गुरगुरत उभी राहते. इंजिन ज्यावर बसतं ते माउंट हत्तीने कापून नव्याने जोडले. रेडिएटर मोठा घातला. नाक जड झालं म्हणून पुढच्या स्प्रिंगा बदलल्या, आणि ब्रेक मोठ्या गाडीचेच लावले. मास्तर रोज स्टुलावर बसून बघायचे. बॉनेटमध्ये इंजिन उतरवताना म्हणाले, उस्ताद, शर्ट लहान मापाचा आणि पोट शेटजींचं, बटणं तुटणार. मी म्हटलं, मास्तर, शिवणीत कापड सोडलेलं आहे, उसवून बसवतो. खूष झाले. गिऱ्हाइकांना बोलावून बोलावून दाखवायचे. मुलाकडे जायचंय, टेकडीवर राहतो, म्हणून घालून घेतलं. नोंदणीच्या ऑफिसात परवानगीला गेलो तर तिथल्या कारकुनानेही विचारलं, आजोबा, या वयात एवढा जोर कशाला? यांनी कारण सांगितलं. कारकून कागदावर शिक्का मारता मारता म्हणाला, त्यापेक्षा मुलालाच खाली बोलवा की. सगळी रांग हसली. मास्तरही हसले. माझ्याकडे बघून मात्र नाही हसले.

मग तो रविवार. मास्तरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, स्वतः शिवलेला. मी शेजारी बसलो, कारण नवं काम आहे, आवाज ऐकायला हवा. टेकडीच्या पायथ्याशी त्यांनी पाय जरासा दाबला आणि गाडी अशी निघाली की त्यांचं डोकं मागे टेकलं. अरे अरे अरे, करत हसायला लागले. पुढे एक ट्रक होता, त्याला मागे टाकला आणि आरशात त्याला बघून म्हणाले, बिचारा, इंजिन लहान आहे त्याचं. मी त्यांना इतकं हसताना तुझी आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. प्रत्येक वळणावर मला विचारायचे, चढतेय ना? चढतेय, मास्तर. जोर पुरतोय ना? उरतोय, मास्तर.

पुढचं तुला माहीत आहे, पण तू ते फाटकाच्या आतून पाहिलंस, मी गाडीतून पाहिलं. तू आलास. "अरे बाबा! तुम्ही?" म्हणालास. घरात ऑफिसचे लोक आहेत, आधी फोन करायचा ना, म्हणालास. हे सगळं तू फाटकावर हात ठेवून बोललास, आणि तो हात कडीवर गेला नाही. मास्तरांनी इंजिन बंद केलं नव्हतं. तुला ऐकू यावं म्हणून मुद्दाम चालू ठेवलं होतं. ऐक, ऐक, म्हणाले आणि पाय दाबून दाखवला. तू माझ्याकडे असं बघितलंस, की काका, यांना आवरा. तेवढ्यात तुझ्या तळघरातल्या पार्किंगमधून हॉर्न वाजला. तू म्हणालास, बाबा, गाडी जरा बाजूला घ्या, पियानोच्या बाईंना जायचंय. मास्तरांनी गाडी बाजूला घेतली. फाटक उघडलं. बाईंसाठी.

भोंग्या, ती गाडी कुठली होती, तू पाहिलंस का? नसशीलच. मास्तरांचीच गाडी होती ती. तीच कंपनी, तेच मॉडेल, तेच छोटं इंजिन, वर आणखी जुनं. इंजिनातले टॅपेट वाजत होते, एक माउंट गेलेला होता, हे मला काच वर असतानाही ऐकू आलं. तुझ्या तळघराचा तो उतार टेकडीपेक्षा उभा आहे. आणि ती खोकत खोकत चढून बाहेर आली, बाईंनी हात केला, तूही केलास. त्या आठवड्यातून किती वेळा येतात रे, मुलीला शिकवायला? मास्तर बराच वेळ त्या गाडीच्या पाठीकडे बघत राहिले. मग तुला विचारलं, बाईंनी इंजिन बदलून घेतलंय का रे?

"कसलं इंजिन, बाबा?" असं तू म्हणालास.

मी तुझ्या चेहऱ्याकडेच बघत होतो. गिऱ्हाइकं खोटं बोलली की मला कळतं, धंदाच त्यावर उभा आहे. तू खोटं बोलत नव्हतास. तुला खरंच आठवत नव्हतं. या माणसाने ज्यासाठी गाडीचं पोट फाडून घेतलं, ज्यासाठी तो ऑफिसांच्या रांगांमध्ये दुखरा गुडघा घेऊन उभा राहिला, ते वाक्य तू कुठल्यातरी मीटिंगला जाता जाता फेकलं होतंस. नीट विचार करून थाप मारली असतीस, तरी त्यांचा मान राहिला असता. मास्तरांनी तुझ्या घराकडे एकदा वर बघितलं. छान घर आहे, म्हणाले. गाडी वळवली. उतारावर इंजिनाचं काही काम नसतं, ब्रेकचं असतं. ब्रेक उत्तम लागले.

आणि आता हे पत्र का, ते. परवा तुझा मला फोन आला. मीटिंग नव्हती वाटतं. काका, बाबांच्या वयाला असली गाडी बरी नाही, मला त्यांची काळजी वाटते, ते आता केव्हाही येऊन उभे राहतील, तुम्ही काहीतरी बिघाड निघाला म्हणून सांगा आणि गाडी ठेवून घ्या, असं तू म्हणालास. माझे हात ग्रीसचे असतात, म्हणून कामाच्या वेळी माझा फोन मी स्पीकरवरच घेतो. मास्तर तिथेच स्टुलावर होते. कामात फाटलेलं मागच्या सीटचं कव्हर शिवत होते. तू बोलायचा थांबेपर्यंत त्यांनी टाके घातले, मग दाताने दोरा तोडला आणि हाताने मला खूण केली, हो म्हण. मी "बरं" म्हटलं. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, सांग त्याला, मोठा बिघाड निघाला, दुरुस्त होण्यासारखा नाही. आणि मी इथे होतो हे सांगू नकोस, त्याला उगीच वाईट वाटेल. तेवढं मात्र मी ऐकलेलं नाही. गाडी ठणठणीत आहे. मास्तर ती रोज चालवतात, फक्त टेकडीकडे वळत नाहीत. आता रविवारी, नेहमीप्रमाणे, तू त्यांना फोन करशील. ते म्हणतील, गाडी मोडली रे, आता काही येता यायचं नाही. त्यांना सगळं माहीत आहे, हे तुला माहीत असेल, आणि तुला माहीत आहे हे त्यांना माहीत नसेल. तेव्हा तुला "अरेरे" म्हणावंच लागेल, भोंग्या. नीट म्हण. ते मनापासून ऐकतील आणि तुझीच समजूत काढतील. मी शेजारीच बसलेला असेन.

तुझाच,
गॅरेजवाला काका