गरुडाला चौदा ओळी

२० मे

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. आता तिला माझ्या सुरकुत्या स्वच्छ दिसतात आणि ती त्या मोजून दाखवते. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र जीपवाल्या काकांच्या हाती तुझ्या निरीक्षणाच्या झोपडीवर धाडतेय.

फाटकावरच्या पाटीचा तुझा मसुदा वाचला. साहेबांनी आपल्याला मिळून काय लिहायला सांगितलं होतं? उद्यानातला गरुड आणि तो ज्यावर घरटं करतो ते सूचिपर्णी झाड, यांची तुलना. तू गरुडाला चौदा ओळी दिल्यास. नजर, पंजे, झेप, संसार! झाडाला एक: 'उंच व दुर्मिळ.' अरे, झाड आहे की विजेचा खांब?

तुलनाच करायची तर नीट करू. तुझा गरुड दर वर्षी अंडी घालतो. माझ्या झाडाला शेंड्यावर मादी शंकू, म्हणजे त्याची बी धरणारी फुलंच म्हण, आले ते अकरा वर्षांनी. गरुड जोडीदारासाठी डोंगर ओलांडतो. माझ्या एकुलत्या झाडासाठी परागकण दुसऱ्या उद्यानातून पोस्टाने मागवावे लागतात आणि आठवड्यात वाया जातात. नेमका त्याच आठवड्यात तू हुकूम काढलास, पिल्लं उडेपर्यंत झाडाकडे कोणी फिरकायचं नाही. मी तीनदा विनवलं. तू म्हणालास, "ताई, झाड कुठे पळून जातंय?"

डोकंच फिरलं माझं. म्हणून त्या मंगळवारी आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला तुला पाठवलं. मला सुट्टी होती, हे सांगितलं नाही.

दोर बांधून चढले. वीस मिनिटांत उतरणार होते. पण चांगले शंकू सगळे घरट्याच्या बाजूला, आणि प्रत्येकाला ब्रशने पराग लावायचा. दीड तास गेला. गरुडाची मादी अंडी सोडून डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती. वारा गार होता. मला सगळं ऐकू येत होतं, तरी मी उतरले नाही.

तुझ्या नोंदवहीत वाचलं: 'मादी घरट्यावर परतली नाही. दोन्ही अंडी गेली. बहुधा काल संध्याकाळी परत आल्यावर माझ्याच दुर्बिणीच्या चमकेने बिथरली.' तीन आठवडे तू धड जेवत नाहीस, असं काका सांगतात.

तू काही केलं नाहीस रे. मी केलं.

पराग लागू पडला, शंकू मिटलेत. मला त्यांच्याकडे बघवत नाही. साहेबांना उद्या सांगणार आहे, पण आधी तुला. शिव्या द्यायला तरी खाली ये. आणि रागारागात का होईना, दोन घास खा.

तुझा दोष नसताना तीन आठवडे तुला झुरू देणारी,
ताई