शिडी मला चढवत नाही

दादा,
खालचाच बर्थ काढ, म्हणून कानीकपाळी ओरडले होते. तरी तू वरचा काढलास! ती शिडी मी चढायची आणि डबाभर लोकांनी श्वास रोखून बघायचं, होय ना? वर वहिनीकडून कळलं की तू आईला परस्पर सांगून मोकळा झालास, "छकुलीला प्रवास झेपत नाही, ती नाही येणार." अरे, प्रवास झेपतो मला, तुझा कारभार झेपत नाही!

तू काढलेलं तिकीट रद्द करून मी माझ्या एकटीसाठी शेजारशेजारच्या दोन सीट काढल्यात. खुर्च्यांमधला हात उचलला की ऐसपैस बसता येतं. ऑपरेशनला आत नेण्याआधी आईला मी दिसायला हवी. निघतेय. आईला तूच फोन कर आणि या वेळी खरं सांग.

छकुली