आधी कण दाखवा, मग डोळ्याला हात लावा

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (गुडघा धरलाय, तेव्हा तूर्तास बसूनच.) तब्येत ठणठणीत असेल आणि नेहमीसारखे कोणावर तरी ओरडत असाल, अशी आशा करतो. इकडे आई मजेत, बाकी सगळे हैराण.

तुमच्या ताईचे दोन्ही डोळे मोतीबिंदूने पिकलेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऑपरेशन करून टाकू. आई म्हणाली, करा, पण आधी मला प्रकाशाचे कण बघायचेत. जन्मभर तिने शाळेत शिकवलं की प्रकाश लाटेसारखाही वागतो आणि कणासारखाही. प्रयोगशाळेत मात्र एक तडकलेलं भिंग आणि भरपूर झुरळं, एवढंच सामान. "डोळ्यांचं काही बरंवाईट झालं तर? शिकवलं ते एकदा तरी पाहू दे," असं ती अगदी हळू म्हणाली. आईला घाबरलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं. (घाबरण्याचं खातं आमच्या घरात माझ्याकडे आहे.)

मग घराचीच प्रयोगशाळा झाली. खिडक्यांना काळा कागद, अॅल्युमिनियमच्या कागदावर ब्लेडने अगदी शेजारी-शेजारी दोन बारीक चिरा, आणि लेझर धरून मी पुतळ्यासारखा उभा. समोरच्या भिंतीवर लाल-काळे, लाल-काळे पट्टे उमटले! दोन चिरांमधून आलेल्या लाटा एकमेकींना भेटून कुठे उजेड वाढवतात, तर कुठे चक्क पुसून टाकतात. उजेडात उजेड मिळवून अंधार, मामा! मी थक्क झालो. शेजारणीचं मांजरही झालं. त्याने पट्ट्यांवर झेप घेतली, नेम चुकून पडद्याला लटकलं, आणि पडदा, दांडी व मी असे तिघे खाली आलो. (गुडघा तो हाच.) अंधारातून आईचा आवाज आला, "या झाल्या लाटा. कण कुठायत?"

शेवटी तिचा एक जुना विद्यार्थी मदतीला आला. आता मोठा शास्त्रज्ञ आहे. त्याने आपल्या प्रयोगशाळेत उजेड इतका मंद केला, की चिरांकडे एका वेळी एकच कण जावा. संगणकाच्या पडद्यावर एक ठिपका उमटला. मग दुसरा, भलतीकडेच. मग तिसरा, त्याहून भलतीकडे. आई पडद्याला नाक लावून बसली. ठिपके दाटत गेले, आणि बघता बघता त्यांचेच पट्टे झाले.

"कण एकेकटाच येतो ना रे? मग पट्ट्यात बस, हे त्याला सांगतं कोण?"

एवढा मोठा माणूस, पण कान खाजवत म्हणाला, "बाई, गणित येतं. पण खरं सांगू? ते मलाही नीट कळलेलं नाही."

"अगं बाई! म्हणजे माझंच डोकं कमी नव्हतं तर!" आईचा चेहरा असा खुलला, की तो शास्त्रज्ञ पडदा सोडून तिच्याकडेच बघत राहिला. बाहेर पडताना माझा दंड धरून म्हणाली, "डॉक्टरीणबाईंना कळव, मी तयार आहे." त्या एवढ्याशा कणाला आणि या बाईला, दोघांनाही मी मनातल्या मनात हात जोडले.

आपला लंगडा भाचा

ता. क. – तयार आहे, पण एका अटीवर. शेजारच्या खाटेवर तुम्ही. परवा तुम्ही पोस्टमनला जावईबापू समजून सोफ्यावर बसवलंत, हे तिला कळलंय.

आ. ता. क. – तुम्हाला अक्षरं लागत नाहीत, म्हणजे हे पत्र मामीच वाचून दाखवत असणार. त्यांचा आवाज कापतोय तो काळजीने नव्हे, हसू दाबल्यामुळे. तुमची बॅग त्यांनी कालच भरली. पत्रही टपालाने आलेलं नाही. मी खाली गाडीत बसलोय. चपला घाला.